पीएसडी २ जीबीला का अडते?

गड्डा यात्रा तोंडावर आली की सोलापुरातल्या फ्लेक्सवाल्यांकडे रात्री उशिरापर्यंत कामं चालतात. नेमकं तेव्हाच फोटोशॉप अडून बसतं: फाइल २ जीबीच्या वर गेली, सेव्ह होणार नाही. अशा वेळी रॅम वाढवून काही होत नाही. पीएसडीच्या (फोटोशॉपच्या नेहमीच्या फाइलच्या) आत कुठला भाग किती लांब आहे याच्या नोंदी ३२ बिटी आकड्यांत ठेवलेल्या असतात, म्हणून तिला २ जीबीची मर्यादा आहे. लांबी-रुंदीही ३०,००० पिक्सेलच्या पुढे जात नाही.

काम खोळंबलं असेल तर 'सेव्ह ॲज'मधून 'लार्ज डॉक्युमेंट फॉरमॅट', म्हणजे पीएसबी निवडा. सगळे लेअर (चित्राचे एकावर एक ठेवलेले थर) शाबूत राहतात आणि लांबी-रुंदीची मर्यादा ३ लाख पिक्सेलवर जाते. पण फाइल फुगली कशाने, हे त्यानंतर शोधायलाच हवं.

आधी रिझोल्युशन पाहा. १० × २० फुटी बॅनर ७२ पीपीआयला (इंचाला ७२ पिक्सेल) ८,६४० × १७,२८० पिक्सेलचा होतो. सीएमवायकेत (छपाईच्या चार रंगांच्या मोडमध्ये) दर पिक्सेलला ४ बाइट धरले तर पूर्ण भरलेला एक लेअर साधारण ५७० एमबीचा. तोच बॅनर ३०० पीपीआयला केला की १७ पट, म्हणजे १० जीबीच्या आसपास! चौकातला फ्लेक्स लोक लांबून बघतात. तिथे ७२ पुरतात.

खरी गंमत कॉम्प्रेशनमध्ये आहे. ८ बिटी पीएसडीत एका ओळीतले सलग सारखे पिक्सेल एकत्र बांधले जातात. प्रत्येक चॅनेलमध्ये (एकेका रंगाच्या नोंदीत) असे १२८ पिक्सेल अवघ्या २ बाइटांत मावतात. त्यामुळे सपाट भगवा रंग किंवा रिकामी जागा जवळपास फुकट पडते. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोची पांढरी पार्श्वभूमी मात्र डोळ्यांना पांढरी दिसली तरी आत २५५, २५४, २५३ अशी किंचित वेगळ्या छटांची मिसळ असते. सलगपणा तुटतो आणि बचत संपते. पूर्ण बॅनरवर टाकलेला 'नॉइज'चा (बारीक ठिपक्यांचा) लेअर तर जवळजवळ पूर्ण वजनाने फाइलमध्ये बसतो. तो काढून बघा, फरक लगेच कळतो.

मास्कने झाकलेला भागही फाइलमध्येच असतो. कॅनव्हासच्या बाहेर गेलेला फोटोही तसाच. कॉपी ठेवून 'सिलेक्ट ऑल' करा आणि 'इमेज' मेन्यूतून 'क्रॉप' द्या. बाहेरचे पिक्सेल जातात. स्मार्ट ऑब्जेक्टमध्ये मूळ फाइल अख्खी आत असते, वर तिचं दिसणारं चित्र वेगळं साठवलं जातं. नक्षीचा आकार ठरला असेल तर 'रास्टराइज' करून (साध्या पिक्सेलमध्ये बदलून) टाका. १६ बिटी मोडने पिक्सेलचा डेटा दुप्पट होतो. फ्लेक्सला ८ बिट पुरे.

'प्रेफरन्सेस'च्या 'फाइल हँडलिंग'मधलं 'मॅक्सिमाइज कम्पॅटिबिलिटी' चालू असेल तर सगळे लेअर एकत्र केलेलं आणखी एक चित्र सोबत जातं. ते बंद केल्यास वजन उतरतं, पण फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायची असेल तर चालूच ठेवा.

फाइल सेव्ह झाली पण पेनड्राइव्हवर जात नसेल, तर तो फॅट३२ (जुन्या साठवण पद्धतीचा) आहे का बघा. त्यावर ४ जीबी किंवा त्याहून मोठी एकही फाइल मावत नाही, कितीही जागा रिकामी असली तरी. पीएसबी न्यायची असेल तर आधी ड्राइव्हवरचा डेटा दुसरीकडे ठेवून तो ही मर्यादा नसलेल्या एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.