मुंडावळ्या आणि खतावणी

आमच्या भुसावळच्या सकाळी फिरायला जाणाऱ्या म्हाताऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा एक फॉरवर्ड आलं. 'लग्न करा, आयुष्य वाढवा! शास्त्रज्ञांनी केलं सिद्ध!' खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग आणि 'वाढत नाही, वाढल्यासारखं वाटतं' हा लग्नाइतकाच जुना विनोद. आमच्यातले एक निवृत्त बँकवाले मात्र पेटले. त्यांनी वर्तमानपत्रातल्या निधनवार्ता कापून वहीत चिकटवल्या. 'पश्चात पत्नी, मुलं, सुना, नातवंडं असा परिवार' असलेले बहुतेक सत्तरीच्या आसपास गेलेले, अविवाहित गेलेले बरेचसे तिशीच्या आतले. "घ्या सर, पुरावा!"

मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं. वही बघता बघता माझा चहा गार झाला.

समजा, तापीकाठी एक गाव आहे आणि तिथे लग्नाचा आयुष्यावर काडीचाही परिणाम होत नाही. एका साली तिथे 100 मुलगे जन्मले. साप, ताप, अपघात यांत 10 जण सरासरी पंधराव्या वर्षी गेले. उरलेल्यांपैकी 80 जणांची लग्नं झाली, 10 जण तसेच राहिले, आणि हे नव्वदही जण बरोबर सत्तराव्या वर्षी वारले. आता सरासरी काढा. विवाहितांची 70. अविवाहितांत मात्र ती पंधरा वर्षांची पोरंही आली: (150 + 700) ÷ 20 = 42.5. फरक साडेसत्तावीस वर्षांचा! मुंडावळ्यांनी काहीच केलेलं नाही. लग्नाच्या वयाआधी जो गेला तो अविवाहितांतच मोजला जाणार, एवढंच.

वहीत याहून मोठी गंमत होती. ज्यांची बायको आधीच वारलेली, ते पुरुष आणखी उशिरा, ऐंशीच्या घरात गेलेले. म्हणजे बायको गेल्याने आयुष्य वाढतं? (हे ग्रुपवर टाकायची माझी हिंमत झाली नाही.) विधुर व्हायचं तर मुळात बायकोपेक्षा मागे उरावं लागतं, आणि मागे उरायचं तर जगावं लागतं.

ही चूक इंग्लंडच्या जन्ममृत्यू नोंदणी कार्यालयातल्या विल्यम फार (आडनाव खरंच 'फार') याने 1843 मध्येच दाखवली होती. सेनापती, न्यायाधीश आणि बिशप हे कोवळ्या अधिकाऱ्यांपेक्षा आणि पाद्र्यांपेक्षा म्हातारे होऊन मरतात, पण त्या पदांवर पोचायलाच वय लागतं, तेव्हा तब्येतीसाठी कुणाला बढती देऊन काय उपयोग? तरी 2001 मध्ये याच चुकीने ऑस्कर मिळालेले नट न मिळालेल्यांपेक्षा जवळपास चार वर्षं जास्त जगतात असं छापून आलं, आणि 2006 मध्ये हिशेब नीट मांडल्यावर वर्षभराचाही भरवसा उरला नाही.

नीट हिशेब म्हणजे खतावणी, प्रत्येक नोंद ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवणं. माझे वडील जळगावच्या दाणा बाजारात दिवाणजी होते, त्यामुळे मला हा भाग फार प्रिय आहे. साठीचे एक आप्पा घ्या. अडुसष्टाव्या वर्षी त्यांची बायको गेली, चौऱ्याहत्तराव्या वर्षी ते गेले. शेवटी विधुर होते म्हणून सगळी 14 वर्षं विधुरांच्या खात्यात टाकलीत की फसलात. पहिल्या 8 वर्षांत ते 'विधुर' म्हणून मरूच शकत नव्हते, ती वर्षं त्या खात्याला फुकटात मिळाली. तेव्हा 8 वर्षं विवाहितांच्या खात्यावर, 6 विधुरांच्या. त्यातही वयाचे कप्पे: विवाहित खात्यात 60 ते 64 ची पाच आणि 65 ते 67 ची तीन, विधुर खात्यात 68-69 ची दोन आणि 70 ते 73 ची चार. मृत्यू नावे पडतो तो विधुर खात्यात, सत्तरीच्या कप्प्यात. अशी हजारो माणसं खतवायची आणि प्रत्येक कप्प्यात मृत्यूंना वर्षांनी भागायचं. एका माणसाने जगलेलं एक वर्ष, या एककाला व्यक्ती-वर्ष म्हणतात. डोकं गरगरलं असेल तर पुढच्या परिच्छेदावर या, आप्पा काही म्हणणार नाहीत.

एवढं करूनही फरक उरतो, हे कबूल करायला हवं. 1858 मध्ये याच फारने फ्रान्सचे आकडे वयानुसार लावले. विवाहितांचं मृत्युप्रमाण कमी निघालं. अपवाद विशीच्या आतल्या नवऱ्यांचा, ते उलट जास्त मरत होते. 1969 मध्ये ब्रिटनमध्ये 55 वर्षांवरच्या 4,486 विधुरांची पाहणी छापून आली. बायको गेल्यावर पहिल्या सहा महिन्यांत 213 जण दगावले, त्याच वयाच्या विवाहितांत अपेक्षित असतात त्यापेक्षा 40 टक्के जास्त. सर्वाधिक वाढ हृदयविकाराने झालेल्या मृत्यूंत होती.

यातला काही वाटा निवडीचा. आपल्याकडे आज कुणाचं जमत नाही? कोरडवाहू चार बिघे असलेल्याचं, फिट येणाऱ्याचं, पाय अधू असलेल्याचं. गरिबी आणि आजार आधीपासूनच आयुष्य कुरतडत असतात, श्रेय मात्र लग्नाला जातं. वडाला सूत गुंडाळल्याने काय होतं याचंही उत्तर आकड्यांत आहे: नवऱ्यासाठी उपास बायका करतात आणि सरासरीने जास्त वर्षं जगतात त्याच. 2011 च्या जनगणनेत विधवा विधुरांच्या तिपटीहून जास्त होत्या. नवरा वयाने मोठा असतो, आणि विधुराचं दुसरं लग्न लावायला गाव धावतं, ही त्याची आणखी दोन कारणं.

उरलेला वाटा घरातला. जोडीदार गेल्याचा धक्का बायकांनाही बसतो, पण बहुतेक पाहण्यांत पुरुष जास्त कोलमडतात. आमच्या ग्रुपमधल्या आबांची बायको दिवाळीआधी गेली. भेटायला गेलो तर स्वयंपाकघरात स्टीलच्या डब्यात बीपीच्या गोळ्यांची पट्टी, महिन्याभरात फुटलेली घरं चार. जेवणाचं विचारलं तर म्हणाले, "सकायनी भाकर शे ना." काकू असताना गोळी चहाच्या बशीत ठेवलेली असायची, बारा वर्षं. मी एक काढून त्यांच्या हातावर ठेवली. आबांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "हाई जेवाना पहिले का नंतर?"