कंपनीने पाठ फिरवल्यावर फोन कोण सांभाळतं?

निफाडच्या मामांचा फोन २०१७ चा. बॅटरी एकदा बदललेली, काच शाबूत, आणि कॅमेरा अजून इतका साफ की द्राक्षाच्या पानामागची डावणीची पांढरी बुरशी फोटोत स्पष्ट दिसते. तरी गेल्या पावसाळ्यात मामा तो माझ्या हातात देऊन म्हणाले, “यावर आता नवं काही चालंना रे, बघ काय होतं का.” नाशिकच्या एमजी रोडवर तीन दुकानं फिरलो. सगळीकडे उत्तर एकच: फोनला काही झालेलं नाही, कंपनीने अपडेट बंद केलंय, नवा घ्या. धडधाकट वस्तू अशी मोडीत निघते याचा मला मनापासून राग येतो. पण ही वेळ का येते, ते समजायला जरा मागे जावं लागतं.

अँड्रॉइडचा पहिला फोन, टी-मोबाईल जी१, २००८ मध्ये आला आणि त्याच वर्षी गूगलने अँड्रॉइडचा सोर्स कोड, म्हणजे मूळ प्रोग्राम, खुला केला. म्हणजे तो कुणीही घ्यावा, बदलावा. पण हा कोड आपल्या खिशापर्यंत तीन हातांतून येतो: गूगल, चिप बनवणारी कंपनी आणि फोन बनवणारी कंपनी. कॅमेरा, नेटवर्क, ग्राफिक्स चालवणारे छोटे प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, बहुधा बंदिस्त असतात; त्यांचा कोड खुला नसतो. चिपवाल्याने ते नव्या आवृत्तीसाठी द्यायचे थांबवले की फोनवाल्याचे हात बांधले जातात, आणि विकून झालेल्या फोनवर खर्च करण्यात त्यालाही कमाई नसते. अ‍ॅपलकडे चिप आणि सिस्टिम दोन्ही घरचीच, म्हणून २०१३ च्या आयफोन ५एसला जानेवारी २०२३ मध्येसुद्धा सुरक्षा अपडेट मिळालं.

ही पोकळी आधी भरली ती हौशी मंडळींनी. स्टीव्ह कोंडिक यांनी २००९ मध्ये सायनोजेनमॉड सुरू केलं, म्हणजे अँड्रॉइडच्या खुल्या कोडवरून बनवलेली, फोनवर स्वतः टाकायची पर्यायी सिस्टिम. त्याच वर्षी गूगलची कायदेशीर नोटीस आली, कारण त्यात गूगलची स्वतःची अ‍ॅप्स भरलेली होती. ती वगळून काम चालू राहिलं. पुढे त्याची कंपनी झाली आणि २०१४ च्या अखेरीस भारतातल्या विक्रीच्या हक्कावरून मायक्रोमॅक्स आणि वनप्लस थेट दिल्ली उच्च न्यायालयात भांडले. फुकट वाटलेल्या सिस्टिमला केवढी किंमत आली होती! पण डिसेंबर २०१६ मध्ये त्या कंपनीने सेवा गुंडाळली. स्वयंसेवकांनी त्याच आठवड्यात तोच कोड उचलून लिनिएजओएस नावाने पुढे नेला. या सगळ्या इतिहासात मला सर्वात मोलाची वाटते ती हीच गोष्ट. कंपनी बुडाली, पण कोड खुला असल्यामुळे काम बुडालं नाही.

मधल्या काळात एक मोठा हादरा बसला होता. जुलै २०१५ मध्ये इकडे रामकुंडावर सिंहस्थाचं ध्वजारोहण झालं, आणि त्याच महिन्यात ‘स्टेजफ्राइट’ ही त्रुटी उघड झाली. नुसत्या एका एमएमएसने फोनचा ताबा घेता येईल अशी ती होती, आणि शोधणाऱ्यांच्या अंदाजानुसार ९५ कोटी फोन तिच्या कक्षेत होते. लगेच ऑगस्टपासून गूगलने दरमहा सुरक्षा पॅच, म्हणजे अशा त्रुटी बुजवणारे अपडेट, काढायला सुरुवात केली. पॅच निघायचे, पण स्वस्त फोनपर्यंत ते पोचायचेच नाहीत. म्हणून २०१७ मध्ये अँड्रॉइडच्या रचनेत ‘ट्रेबल’ नावाचा बदल आला. त्यात अँड्रॉइड एका बाजूला आणि चिपचा भाग दुसऱ्या बाजूला अशी फाळणी केली गेली. स्वयंसेवकांचं काम त्याने पुष्कळ हलकं झालं.

मामांच्या फोनला लिनिएजओएस मिळत होतं. बूटलोडरचं, म्हणजे फोन चालू होताना सिस्टिम सुरू करणाऱ्या प्रोग्रामचं, कुलूप उघडलं की फोन कोरा होतो, म्हणून आधी बागेचे सगळे फोटो लॅपटॉपवर घेतले. मग आवाज कमी करायचं बटण आणि पॉवर एकत्र दाबून धरलं, केबल लावली, कमांड दिली. पहिल्यांदा चालू होताना कमानीवर सरकणारं एक वर्तुळ दिसतं. ते बराच वेळ सरकत राहिलं, आणि तेवढा वेळ मामा खाटेवरून हलले नाहीत.

यालाही मर्यादा आहेत. अँड्रॉइडचा भाग ताजा होतो, पण चिपचं फर्मवेअर, म्हणजे तिच्या आतलं सॉफ्टवेअर, कंपनीने सोडलं तिथेच राहतं. शिवाय कुलूप उघडलेला फोन गूगलच्या तपासणीत नापास होतो, त्यामुळे बँकांची बरीच अ‍ॅप्स त्यावर चालत नाहीत. आपला फोन आपणच दुरुस्त केला म्हणून आपल्यालाच अविश्वासू ठरवणं मला साफ अन्यायाचं वाटतं.

कंपन्या आता थोड्या हलल्या आहेत. आपल्या पिक्सेल ८ या फोनला गूगलने २०२३ मध्ये ७ वर्षांच्या अपडेटचं आश्वासन दिलं, पाठोपाठ सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ ला. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नवा नियम लागू आहे: मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान ५ वर्षं अपडेट उपलब्ध ठेवायचे. ७ वर्षांची आश्वासनं मात्र सुरू झाली ती महागड्या फोनांपासून. मामांच्या बजेटमधल्या फोनांना तेवढी वर्षं अजून क्वचितच मिळतात.

मामांनी पैशांच्या व्यवहारासाठी मुलाचा जुना फोन घेतला. हा फोन आता बागेतल्या शेडमध्ये असतो. सकाळी हवामान बघायला, आणि फवारणीआधी पानांचे फोटो सल्लागाराला पाठवायला.