गर्भातल्या उंदराची शिदोरी

परीक्षा जवळ आल्या की स्मरणशक्ती वाढवणाऱ्या बाटल्या औषधांच्या दुकानात अगदी समोर येऊन बसतात. घेणारं गिऱ्हाईक असतं दहावीचं. उंदरांचं ऐकायचं तर दहावी म्हणजे फारच उशीर झाला.

हे उंदीर कोलीनचे. कोलीन हे जीवनसत्त्वांच्या पंगतीला बसणारं पोषणद्रव्य. अंड्याचा बलक, यकृत, मासे, सोयाबीन यांत ते भरपूर असतं. शरीर थोडं स्वतःही बनवतं, पण ते पुरत नाही. 1988 मध्ये अमेरिकेत वॉरन मेक, क्रिस्टिना विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाभण उंदरिणींना आणि पुढे त्यांच्या पिल्लांना जादा कोलीन दिलं, मग ते बंद केलं. पिल्लं मोठी झाल्यावर त्यांना चक्रव्यूहात सोडलं. मध्ये चौथरा, त्यातून चहूकडे फुटलेल्या अरुंद वाटा आणि वाटांच्या टोकाला खाऊ. एकदा खाऊन आलेल्या वाटेवर पुन्हा गेलं की ती चूक. लहानपणी कोलीन मिळालेल्यांनी चुका कमी केल्या. पुढच्या प्रयोगांत तर असं दिसलं की म्हातारपणीही त्यांची स्मृती इतरांसारखी ढासळत नाही.

खरी गंमत वेळेत आहे. उंदराचं गर्भारपण जेमतेम 3 आठवड्यांचं. त्यातला 12 ते 17 वा दिवस आणि जन्मानंतरचा 16 ते 30 वा दिवस, या दोनच खिडक्यांत कोलीनचा असा टिकाऊ परिणाम दिसला. पहिल्या खिडकीत स्मृतीच्या कामातल्या चेतापेशी जन्माला येत असतात, दुसरीत त्यांच्या जोडण्या होत असतात. कोलीनपासून पेशींची आवरणं बनतात, अ‍ॅसिटिलकोलीन हा मेंदूतला निरोप्या बनतो आणि जनुकांवर चिकटणारे मिथाइल गटही मिळतात. जनुक चालू राहणार की गप्प बसणार, हे बऱ्याच अंशी या गटांवर ठरतं. मोजक्या दिवसांचा आहार जन्मभर पुरण्यामागे हे एक कारण असावं.

माणसांत चित्र इतकं स्वच्छ नाही. नॉर्थ कॅरोलायनातल्या एका चाचणीत गरोदरपणी आणि बाळंतपणानंतर कोलीनच्या गोळ्या घेतलेल्या आयांची बाळं वर्षभराची होईपर्यंत काही वेगळी ठरली नाहीत. ही चाचणी 2012 ची. कॉर्नेल विद्यापीठाने 2018 मध्ये वेगळा निष्कर्ष मांडला: शेवटच्या तिमाहीत रोज 930 मिलिग्रॅम कोलीन घेतलेल्यांची बाळं पडद्यावरच्या चित्राकडे नजर लवकर वळवत होती, 480 वाल्यांची थोडी सावकाश. पण त्यात होत्या फक्त 26 बायका. माझ्या मते एवढ्यावरून कुणाला गोळ्या लिहून देणं घाईचं आहे.

अमेरिकेतली शिफारस गर्भवतीला रोज 450 मिलिग्रॅमची आहे. एका मोठ्या अंड्यात साधारण 150 मिलिग्रॅम असतं. अंडी न खाणाऱ्या घरात सोयाबीन, दूध, डाळी, शेंगदाणे अशी बेरीज करावी लागते. उलट गोळ्यांचा अतिरेक झाला तर रक्तदाब उतरतो आणि अंगाला मासळीसारखा वास येऊ लागतो.