बिस्मथ पाण्यात विरघळतं का? आधी पाण्याचा पीएच सांगा

वाशीला एका प्रदर्शनात एका स्टॉलवर बिस्मथचे स्फटिक विकायला ठेवले होते, निळे, जांभळे, सोनेरी, पायऱ्यापायऱ्यांचे, बघितल्यावर हातात घ्यावेसेच वाटणारे. मला तर ते बघून खूप आनंद झाला, कारण एरवी या धातूचं नावसुद्धा कोणी काढत नाही. पण बाजूला पाटी लावलेली की हा 'एनर्जी स्टोन' रात्रभर पाण्याच्या बाटलीत ठेवा आणि सकाळी ते पाणी उपाशीपोटी प्या. एका काकूंनी विचारलं, "अहो, पण पाण्यात काही उतरत नाही ना याचं?" त्यावर तो म्हणाला, "नाही हो ताई, धातू आहे, विरघळतच नाही." काकूंचा प्रश्न एकदम अचूक होता. उत्तर मात्र अर्धवट होतं, आणि मी रबाळेला एका टेस्टिंग लॅबमध्ये नेमकं हेच काम करतो, म्हणजे अमुक पदार्थ पाण्यात किती उतरतो ते मोजायचं, त्यामुळे म्हटलं यावर नीट लिहूया.

आधी त्या रंगांचं सांगतो. बिस्मथ २७१ अंश सेल्सिअसला वितळतं, ते हळूहळू थंड होऊ दिलं की असे पायऱ्यांचे स्फटिक मिळतात आणि गरम असतानाच हवेतला ऑक्सिजन लागून वर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर बसतो. त्या थराच्या वरच्या आणि खालच्या बाजूने परत येणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात आणि थराच्या जाडीप्रमाणे रंग दिसतो. पावसात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलच्या तवंगावर रंग दिसतात ते याच कारणाने. यात पाण्यात जाणारी कुठलीही ऊर्जा नाही, पाण्यात जाऊ शकतं ते फक्त बिस्मथ. आणि तो ऑक्साइडचा थर आम्लात टिकत नाही, त्यात बाटलीत लिंबू पिळायची फॅशन आहेच, आणि लिंबातलं सिट्रेट बिस्मथला धरून द्रावणात ठेवायला मदत करतं (पोटातल्या जंतूंवरच्या एका औषधात बिस्मथ सिट्रेटबरोबरच असतं). तेव्हा स्फटिक शोकेसमध्ये ठेवा, छान दिसतो, बाटलीत टाकू नका.

आता मुख्य गोष्ट. मीठ पाण्यात टाकलं की सोडियम आणि क्लोराइडचे आयन (विद्युतभार असलेले अणू) सुटे होतात, पाण्याचे रेणू त्यांच्याभोवती जमतात, संपलं. पाणी आटवा, तेच मीठ परत मिळतं. आपल्या डोक्यात 'विरघळणं' म्हणजे हे एवढंच असतं. पण बिस्मथच्या बाबतीत पाणी नुसतं द्रावक राहत नाही, ते स्वतः रिअ‍ॅक्शनमध्ये उतरतं, आणि तिथून सगळा खेळ सुरू होतो.

ज्यांनी बीएस्सीला केमिस्ट्री केलंय त्यांना दुसऱ्या ग्रुपचं सॉल्ट अ‍ॅनालिसिस आठवत असेल. बिस्मथ क्लोराइडचं हायड्रोक्लोरिक आम्लातलं द्रावण घ्यायचं, अगदी पाण्यासारखं नितळ, आणि ते बीकरभर पाण्यात ओतायचं. जिथे धार पडते तिथून पांढरा धूर पसरावा तसं ते पाणी गढूळ होत जातं आणि थोड्या वेळात खाली पांढरा अवक्षेप, म्हणजे न विरघळलेला साका, बसतो. म्हणजे पाणी वाढवलं तर जास्त विरघळायला हवं ना, इथे उलटंच, पाणी वाढवलं म्हणून बाहेर पडलं! त्यात परत आम्ल टाका, सगळं नितळ. परत पाणी टाका, परत पांढरं. मला हा प्रयोग कितीही वेळा दाखवायला सांगा, मी दाखवेन.

होतं काय की बिस्मथच्या आयनवर तीन धन भार असतात. सोडियमवर एकच, त्याला पाण्याशी फार भांडायचं नसतं. तीन भारांचा आयन मात्र शेजारच्या पाण्याच्या रेणूतला ऑक्सिजन इतका जोरात स्वतःकडे ओढतो की त्या ऑक्सिजनची हायड्रोजनवरची पकड ढिली होते आणि एक हायड्रोजन आयन सुटून पाण्यात जातो. म्हणजे पाणी आम्लधर्मी होतं आणि बिस्मथला हायड्रॉक्साइड चिकटतो. यालाच जलअपघटन म्हणतात, फेरिक क्लोराइडचं द्रावण लिटमसला आम्लधर्मी दाखवतं तेही यामुळेच. पण बिस्मथ फार टोकाचं आहे, पीएच १ च्या आसपासच (पीएच म्हणजे आंबटपणाचा आकडा, ७ उदासीन, जितका कमी तितकं आंबट), म्हणजे चांगल्यापैकी आंबट द्रावणातच, त्याच्याजवळचे हायड्रोजन सुटायला लागतात. त्यामुळे सुटासुटा, नुसत्या पाण्याने वेढलेला बिस्मथ आयन फक्त तीव्र आम्लातच बघायला मिळतो. पीएच थोडा वर नेला की हे आयन ऑक्सिजन आणि हायड्रॉक्साइडचे पूल बांधून एकमेकांना जोडले जातात आणि सहा-सहा बिस्मथचे गठ्ठे तयार होतात, सहा अणू अष्टफलकाच्या सहा कोपऱ्यांवर बसलेले. हे गठ्ठे द्रावणातच असतात, डोळ्यांना दिसत नाहीत. आणखी वर नेलं की मग अवक्षेप.

आजूबाजूला क्लोराइड असेल तर जो अवक्षेप पडतो तो बिस्मथ ऑक्सिक्लोराइडचा. त्याची रचना थरांची, मधे बिस्मथ आणि ऑक्सिजनचा पत्रा, दोन्ही बाजूंना क्लोराइडची रांग, मग पुढचा पत्रा. दोन क्लोराइडच्या रांगांमधली पकड कमजोर, म्हणून स्फटिक चपटे, पातळ पापुद्र्यांचे होतात आणि त्यावरून प्रकाश मोत्यासारखा चमकतो. लिपस्टिक, नेलपॉलिश आणि फेस पावडरमधली ती मोतिया झाक बऱ्याचदा याची असते. म्हणजे कॉलेजच्या बीकरमध्ये पडलेलं पांढरं आणि मेकअपमधली चमक, पदार्थ एकच.

आता जरा गणित करू, कंटाळू नका, यातच खरी मजा आहे. ऑक्सिक्लोराइडचा विद्राव्यता गुणाकार पुस्तकांत १.८ गुणिले १० चा उणे ३१ वा घात असा दिलेला असतो. हा गुणाकार कशाचा, तर बिस्मथ आयनची संहती (लिटरमागे किती आहे ते), क्लोराइडची संहती आणि हायड्रॉक्साइडच्या संहतीचा वर्ग. तो वर्ग बघा. पीएच एकाने खाली आला की हायड्रॉक्साइड दहापट कमी होतो, वर्ग असल्यामुळे परिणाम शंभरपट, म्हणजे द्रावणात मावणाऱ्या बिस्मथ आणि क्लोराइडचा गुणाकार शंभरपट वाढतो. पीएच ७ वरून १ वर या, सहा पायऱ्या, म्हणजे तो गुणाकार एक लाख कोटीपट. पदार्थ तोच, 'पाणी' तेच, फक्त आंबटपणा बदलला. पीएच ७ ला हे सूत्र तसंच वापरलं तर लिटरला साधारण १ मायक्रोग्रॅम बिस्मथ असं उत्तर येतं, पण प्रत्यक्षात त्याहून जास्त उतरतं, कारण सूत्र फक्त सुट्या आयनचा हिशोब करतं आणि उदासीन पाण्यात बहुतेक विरघळलेलं बिस्मथ हायड्रॉक्साइड चिकटवून बसलेलं असतं. म्हणूनच नुसती आकडेमोड पुरत नाही, मोजावंच लागतं.

क्लोराइडची तर दुहेरी भूमिका आहे. थोडं क्लोराइड वाढवलं तर अवक्षेप वाढतो, पण खूपच वाढवलं तर बिस्मथला चार-चार, सहा-सहा क्लोराइड वेढतात, त्याचा ऋणभारित कॉम्प्लेक्स होतो आणि तो परत द्रावणात जातो. ठाण्याच्या खाडीच्या पाण्यात क्लोराइड भरपूर आहे म्हणून तिथे असं होईल का, असं मला एका मित्राने विचारलं होतं. नाही होत, कारण समुद्राच्या पाण्याचा पीएच ८ च्या आसपास, तिथे हायड्रॉक्साइडचाच जोर चालतो.

बरं, मोजायचं कसं. सेंद्रिय पदार्थांसाठी वगैरे जगभर वापरली जाणारी ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची १०५ नंबरची पद्धत आहे, १९८१ ची, १९९५ ला सुधारलेली. फ्लास्कमध्ये अंदाजे लागेल त्याच्या पाचपट पदार्थ टाकायचा, ३० अंशाला हलवत ठेवायचं, मग २० अंशाला स्थिर होऊ द्यायचं, एक फ्लास्क पहिल्या दिवसाचा, दुसरा त्यापुढचा, तिसरा त्याच्याही पुढचा, आणि शेवटचे दोन आकडे जुळले की द्रावण संपृक्त झालं, म्हणजे आता आणखी विरघळणार नाही, असं धरायचं. धातूंच्या कमी विरघळणाऱ्या संयुगांसाठी मात्र २००१ ची वेगळी पद्धत आहे, तिच्यात लिटरला १, १० आणि १०० मिलिग्रॅम असा ठरलेला माल टाकतात, पीएच साधारण ६ ते ८.५ मध्ये ठरवून धरतात आणि सात दिवस, कमी मालाच्या बाबतीत २८ दिवस, पाण्यात किती धातू येतोय ते बघतात.

कागदावर हे सोपं वाटतं, पण बिस्मथला हातात घेतलं की प्रत्येक पायरीवर फसायला होतं. पाण्यापासूनच सुरुवात. डिस्टिल्ड पाणी उघडं राहिलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचा पीएच ५.६ च्या आसपास येतो, तेव्हा ताजं उकळून गार केलेलं पाणी घ्यायचं. नळाचं, म्हणजे आमच्याकडे मोरबे धरणाचं, पाणी तर चालणारच नाही, त्यात क्लोराइड, बायकार्बोनेट सगळं असतं. मग पदार्थ. बिस्मथ सबनायट्रेट पाण्यात ढवळलं की ते स्वतःच आम्ल सोडतं, त्या पाण्यात निळा लिटमस लाल होतो, म्हणजे मोजता मोजता पदार्थच पाण्याचा पीएच बदलतोय. त्यामुळे सुरुवातीचा पीएच लिहून भागत नाही, शेवटचाही लिहावाच लागतो. आणि तळाशी उरलेली पावडर शेवटी तीच आहे की दुसरंच काही बनलंय, हे एक्स-रे डिफ्रॅक्शनने (एक्स-रे टाकून स्फटिकाची रचना ओळखायची पद्धत) बघायचं, नाहीतर एका पदार्थाची विद्राव्यता म्हणून दुसऱ्याचीच लिहून मोकळे व्हाल.

सगळ्यात नाजूक जागा फिल्टरची. ०.४५ मायक्रॉनचा फिल्टर लावला की आलेलं पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं, पण त्याहून बारीक कण आरपार जातात आणि मशीनला ते 'विरघळलेलं' म्हणूनच दिसतं. म्हणून ०.२ मायक्रॉन लावायचा, आधीचे काही मिलीलिटर फेकून द्यायचे कारण कोऱ्या फिल्टरला थोडं बिस्मथ चिकटून बसतं, आणि नायट्रिक आम्ल टाकायचं ते गाळून झाल्यावरच. आम्ल टाकावंच लागतं, नाहीतर बिस्मथ बाटलीच्या भिंतीला चिकटतं आणि आकडा कमी येतो. पण गाळायच्या आधी टाकलं तर तरंगणारे बारीक कण विरघळतात आणि आकडा फुगतो. दोन्ही बाजूंनी चूक, मधे एवढीशी बरोबर जागा. नवीन येणाऱ्या मुलांना मी हे आधी शिकवतो, बाकीचं नंतर.

मग आयसीपी-मास, म्हणजे अणूंच्या वस्तुमानावरून धातू मोजणारं मशीन. निसर्गात बिस्मथचा एकच समस्थानिक (आयसोटोप) सापडतो, वस्तुमान २०९, त्यामुळे मोजायला सोपं. (तो किरणोत्सारी आहे असे मेसेज फिरतात. २००३ मध्ये फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी ते दाखवलं हे खरं, पण त्याचं अर्धायुष्य विश्वाच्या वयाच्या अब्जपटीहून जास्त आहे, घाबरू नका.) बहुतेक नमुन्यांत बिस्मथ नसतंच, म्हणून शिसं वगैरे मोजताना लॅबवाले तेच थोडंसं मुद्दाम संदर्भासाठी मिसळतात. बिस्मथच मोजायचं असेल तेव्हा ही सवय मोडून दुसरा धातू घ्यावा लागतो, हे लक्षात ठेवायचं.

आता त्या 'विरघळतच नाही' कडे. औषधशास्त्राच्या नियमांप्रमाणे १ भाग पदार्थाला १०,००० भाग किंवा जास्त पाणी लागत असेल तर त्याला जवळजवळ अविद्राव्य म्हणतात. १०,००० भाग म्हणजे १ ग्रॅमला १० लिटर, म्हणजे लिटरमागे १०० मिलिग्रॅमपर्यंत उतरलं तरी शिक्का तोच! पिण्याच्या पाण्यात शिशाची भारतीय मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. बिस्मथ हे शिशाइतकं विषारी अजिबात नाही, तुलना विषारीपणाची नाहीच, पण तो शिक्का किती सैल आहे ते कळावं म्हणून सांगतोय. १९७० च्या दशकात फ्रान्समध्ये पोटाच्या तक्रारींसाठी असे 'न विरघळणारे' बिस्मथचे क्षार लोक महिनोन्‌महिने घ्यायचे, आणि शेकडो जणांना मेंदूचा त्रास झाला, गोंधळल्यासारखं होणं, तोल जाणं, झटके. औषध बंद केल्यावर बहुतेक जण बरे झाले. पोटात पीएच १ ते २, आणि वर हायड्रोक्लोरिक आम्ल, म्हणजे आपण वर जे बीकरमध्ये बघितलं तीच परिस्थिती. डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत आणि थोडे दिवस बिस्मथ आजही उत्तम औषध आहे, जीभ किंवा शौच काळं होतं ते बिस्मथ सल्फाइडमुळे, तेवढ्याने घाबरायचं कारण नाही.

तुर्भे-महापेच्या पट्ट्यात हल्ली शिशाच्या पिवळ्या रंगाऐवजी बिस्मथ व्हॅनाडेट वापरायला लागलेत, ते चांगलंच आहे, पण जाहिरातीत लगेच 'ग्रीन', 'शंभर टक्के सेफ' असं येतं. असे लोक आमच्याकडे नमुना घेऊन येतात आणि म्हणतात, साहेब, एकच आकडा द्या, पाण्यात किती ते. आम्ही आकडा देतो, पण त्याच ओळीत तापमान, सुरुवातीचा आणि शेवटचा पीएच, किती दिवस, फिल्टर किती मायक्रॉनचा आणि तळाच्या पावडरचा एक्स-रे, हे सगळं छापतो, आणि लेबलवर आकडा टाकायचा असेल तर ती ओळ पूर्ण टाका असं सांगतो.