साधी राहणी ताणावरचा उपाय कधी झाली?

पसारा काढा, कामांची यादी छोटी करा, फोन थोडा वेळ बाजूला ठेवा, म्हणजे ताण कमी होईल. हा सल्ला आता इतका ओळखीचा झालाय, की तो पूर्वापार चालत आला असेल असं वाटतं. साधेपणा जुना आहेच. त्याला जोडलेलं ‘ताण कमी होतो’ हे कारण मात्र अगदी अलीकडचं आहे. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, कारण साधं का राहायचं ते बदललं, की आयुष्यातून नेमकं काय कमी करायचं तेही बदलतं.

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या अखेरीस एपिक्युरस या ग्रीक तत्त्वज्ञाने अथेन्समधल्या एका बागेत आपली शाळा सुरू केली. गरजा थोड्या असल्या की मन शांत राहतं, असं तो सांगे. पण त्याला माणसाच्या मनातून घालवायची होती ती देवांची आणि मृत्यूची भीती. कामाचा बोजा नव्हे. जैन परंपरेतल्या अपरिग्रहामागे अहिंसा आणि मोक्षाचा विचार आहे. आजच्या सल्ल्याच्या जवळ पहिल्यांदा येतो तो अमेरिकन लेखक हेन्‍री डेव्हिड थोरो. ४ जुलै १८४५ रोजी तो मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्डन तळ्याकाठी स्वतः बांधलेल्या १० बाय १५ फुटांच्या खोलीत राहायला गेला आणि दोन वर्षांहून थोडा अधिक काळ राहिला. लोकांची घाई, आगगाडीच्या वेळेशी बांधलेले दिवस, क्षुल्लक कामांत विखुरलेलं लक्ष यांवर त्याने पोटतिडकीने लिहिलं. फक्त तो एकटा होता, त्याच्या मागे मुलंबाळं नव्हती, हे विसरून चालत नाही.

धावपळीने माणूस आजारी पडतो, हा विचार वैद्यकातही तेव्हाच आकार घेत होता. न्यूयॉर्कचे डॉक्टर जॉर्ज बिअर्ड यांनी १८६९ मध्ये थकलेल्या मज्जासंस्थेच्या विकाराला ‘न्यूरस्थेनिया’ हे नाव रूढ केलं. पुढे १८८१ च्या पुस्तकात त्यांनी वाफेची शक्ती, तारायंत्र आणि वर्तमानपत्रं यांना त्याबद्दल दोषी धरलं. घड्याळाच्या काट्यावर चालण्याची सक्तीही त्यांना खटकत होती. पण त्या काळी अशा रुग्णांना सांगितली जाई ती विश्रांती किंवा विजेचे उपचार. दिवसाची घडीच बदलायची, हे फारसं कुणाच्या डोक्यात नव्हतं.

मग येतं १९३६. त्या वर्षी मॉन्ट्रियलमध्ये काम करणाऱ्या हान्स सेल्ये या संशोधकाची एक छोटी नोंद ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात छापून आली. उंदरांना थंडीत ठेवा, जखम करा, अतिश्रम करायला लावा किंवा विषारी द्रव्य टोचा, शरीराचं उत्तर साधारण एकच येत होतं: मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी सुजलेल्या, छातीतली थायमस ग्रंथी आक्रसलेली, जठरात व्रण. या निरीक्षणावर पुढे ‘स्ट्रेस’ची सगळी संकल्पना उभी राहिली. मराठीला ‘ताण’ हा शब्द आयता मिळाला; तो दोरीलाही असतो आणि माणसालाही.

त्याच १९३६ मध्ये रिचर्ड ग्रेग या अमेरिकनाने ‘स्वेच्छेने पत्करलेला साधेपणा’ हा विषय एका निबंधात मांडला. ग्रेग गांधीजींच्या सहवासात राहिलेले. बाकी सगळं सोडता येईल, पण पुस्तकं सोडवत नाहीत, अशी कबुली त्यांनी गांधीजींना दिली होती. मग सोडू नका, असं उत्तर मिळालं. ज्यातून आतून आधार मिळतो ते निव्वळ त्यागाच्या भावनेने टाकलं, तर मन पुन्हा तिथेच ओढ घेत राहील. वस्तू मोजून बाहेर काढायला सांगणाऱ्या आजच्या कितीतरी पुस्तकांपेक्षा हे मला जास्त शहाणपणाचं वाटतं. पण त्या वर्षी उंदरांची नोंद आणि हा निबंध यांची गाठ पडली नाही.

दरम्यान घरात साधेपणाचा वेगळाच प्रयोग चालला होता. १९२६ मध्ये वास्तुविशारद मार्गारेटे शुट-लिहोट्स्की यांनी जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखलं: १.९ मीटर रुंद, ३.४ मीटर लांब. काम करणाऱ्या बाईला किती पावलं टाकावी लागतात याचा हिशेब करून मांडणी ठरवली. फिरतं स्टूल, छतावर पुढे-मागे सरकणारा दिवा, भिंतीवरून खाली येणारी इस्त्रीची फळी, कोरड्या जिनसांसाठी नावं घातलेले, मूठ असलेले अ‍ॅल्युमिनियमचे खण. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बसवली गेली. पावलं वाचली, पण त्या जागेत दुसरं माणूस मावेना, त्यामुळे काम एकटीचंच राहिलं.

यंत्रांचंही तसंच झालं. जोअ‍ॅन व्हॅनेक या समाजशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये अमेरिकेतल्या जुन्या-नव्या पाहण्या ताडून पाहिल्या. नोकरी न करणाऱ्या गृहिणी १९२४ मध्ये आठवड्याला सुमारे ५२ तास घरकाम करत होत्या, १९६० च्या दशकात ५५ तास. मधल्या काळात धुलाई यंत्र आलं होतं, पण कपडे जास्त वेळा धुतले जाऊ लागले. काम सोपं झालं, की त्याची अपेक्षा वाढते. या विषयाच्या साऱ्या इतिहासात हीच गोष्ट मला सर्वात बोलकी वाटते.

ताणाच्या अभ्यासात तोवर मोठ्या घटनांवर भर होता. होम्स आणि राहे या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या १९६७ च्या तक्त्यात आयुष्यातल्या ४३ घटना होत्या, प्रत्येकीला ताणाचे गुण दिलेले. जोडीदाराचा मृत्यू १०० गुण, लग्न ५०. हे गुण काही पसारा आवरून कमी होत नाहीत. १९८१ मध्ये मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लाझारस आणि सहकाऱ्यांनी उलट बाजूने पाहिलं. त्यांनी ११७ बारीकसारीक कटकटींची यादी केली आणि १०० मध्यमवयीन माणसांना महिनोन्‌महिने त्यांवर खुणा करायला सांगितल्या. वस्तू जागेवर न सापडणं, घराची डागडुजी, हातात खूप कामं असणं अशा या कटकटी. मानसिक त्रासाचा अंदाज मोठ्या घटनांपेक्षा त्यांच्यावरून अधिक चांगला आला. ‘साधं करा म्हणजे ताण कमी’ या म्हणण्याला खरा आधार मिळाला तो इथे, कारण कटकटी खरोखर कमी करता येतात. ड्युएन एल्गिन यांचं ग्रेगच्याच शब्दांना शीर्षक करणारं पुस्तकही १९८१ चंच, पण त्याचा रोख पर्यावरण आणि अंतर्मनाकडे होता.

ताणाचा अभ्यास आणि साधेपणाचा विचार या दोन्ही धारा एकत्र आल्या त्या १९९० च्या दशकात, सल्ल्याच्या पुस्तकांतून. पुढे मारी कोंडो यांच्या जपानी पुस्तकाने घर आवरण्याला जगभर नेलं. २०१० मध्ये लॉस एंजेलिसमधल्या नवरे आणि बायका मिळून ६० जणांच्या अभ्यासात असं दिसलं, की घराचं वर्णन पसारा, अर्धवट कामं अशा शब्दांत करणाऱ्या स्त्रियांमध्ये कॉर्टिसॉल हे ताणाशी जोडलेलं संप्रेरक दिवसभरात जसं उतरायला हवं तसं उतरत नव्हतं. पसाऱ्यामुळेच ते झालं, एवढं मात्र त्यातून सिद्ध होत नाही.

याच इतिहासाची एक बाजू घराबाहेरची आहे आणि तिची आठवण फार कमी काढली जाते. १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या पहिल्याच कराराने कारखान्यांतला दिवस आठ तासांचा ठरवला. आणि १ जानेवारी २०१७ पासून फ्रान्समध्ये ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना, कामाच्या वेळेबाहेर फोन आणि ई-मेलपासून दूर राहण्याच्या हक्काबद्दल कर्मचाऱ्यांशी बोलणी करणं बंधनकारक आहे. तिथे आवरायला सांगितलंय ते कंपनीला.