ध्यानाचा लाभ नेमका किती?

1908 च्या जानेवारीत वडोदऱ्यातील सरदार मुजुमदारांच्या वाड्यात अरविंद घोष हे विष्णू भास्कर लेले या मराठी योग्याच्या मार्गदर्शनाखाली तीन दिवस ध्यानाला बसले आणि त्या तीन दिवसांत आपले मन पूर्णपणे शांत झाल्याचे त्यांनी पुढे लिहून ठेवले. ही हकिगत ऐकून ध्यान म्हणजे विचार थांबणे अशी अनेकांची समजूत होते. वडोदऱ्याच्या कमाटीबागेत सकाळी फिरायला येणारे एखादे काका मग हताशपणे म्हणतात, "डोळे मिटले की गॅसचा बाटला नोंदवायचा राहिला हेच आठवतं, आपल्याला नाही बुवा जमायचं!"

खरे पाहता काकांचे मन इतर सर्वांसारखेच आहे. हार्वर्डमधील मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी 2,250 प्रौढांना दिवसभरात अधूनमधून फोनद्वारे प्रश्न विचारले, तेव्हा सुमारे 47 टक्के वेळा त्यांचे मन हातातील कामावर नसल्याचे आढळले. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मन भरकटलेले असताना माणसे कमी आनंदी असल्याचे दिसले, आणि सुखद विचारांत रमलेली माणसेही कामात लक्ष असलेल्यांपेक्षा अधिक आनंदी नव्हती. बाटला आठवला, हे ध्यानात आले आणि लक्ष पुन्हा श्वासावर आणले, की जुम्मादादा व्यायाममंदिरातल्या एका बैठकेइतका सराव झाला असे समजावे.

शरीरावरील परिणाम तर बोटांना जाणवतो. मनगटावरची नाडी धरून सावकाश श्वास घेतल्यास, श्वास आत जाताना ठोके किंचित जलद आणि बाहेर सोडताना संथ होतात, कारण उच्छ्वासाच्या वेळी व्हेगस नावाचा मज्जातंतू हृदयाला अधिक आवर घालतो. लुसियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये दाखवून दिले की ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना किंवा योगमंत्र म्हणताना श्वास मिनिटाला सुमारे सहावर येतो आणि रक्तदाबाचे नियमन करणारी प्रतिक्षिप्त क्रिया सुधारते. आपल्याकडील जपाचा वेग त्यात मोजलेला नव्हता, पण संथ लयीत केलेल्या नामस्मरणाने मनाला बरे का वाटत असावे, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

मात्र लाभाचे माप नीट घेतले पाहिजे. 2014 मध्ये ध्यानावरील 47 चाचण्यांचा, म्हणजे 3,515 व्यक्तींचा, एकत्रित आढावा घेण्यात आला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत ध्यानाने माफक सुधारणा होते, असे त्यात दिसले. झोपेबाबतचा पुरावा तोकडा होता आणि व्यायामापेक्षा किंवा औषधांपेक्षा ध्यान सरस असल्याचे आढळले नाही. आठ आठवड्यांत मेंदूची रचनाच बदलते, हा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा दावाही 2022 मधील अधिक काटेकोर अभ्यासात टिकला नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2017 मध्ये हृदयविकाराचा धोका कमी करण्यासाठी ध्यानाचा प्रस्थापित उपचारांची जोड म्हणून विचार करता येईल एवढेच म्हटले, त्यामुळे रक्तदाबाची गोळी परस्पर बंद करणे हा शुद्ध अविचार ठरेल. शिवाय डोळे मिटून बसल्यावर काहींची चिंता वाढते किंवा जुने आघात उसळून वर येतात. अशांनी दीर्घ शिबिरांना जाण्यापूर्वी मानसोपचारतज्ज्ञांशी बोलावे आणि घरी बसायचे तर डोळे उघडे ठेवून, थोड्या वेळापासून सुरुवात करावी.