दोन 'स्कोप': कवी आणि 'घडवले'

जुन्या इंग्रजीत दरबारी कवीला 'स्कोप' म्हणत (उच्चाराची सुरुवात 'श'कडे झुकणारी). 'घडवणे' या क्रियापदाचे भूतकाळी रूपही 'स्कोप'च. एवढ्या साम्यावर 'कवी म्हणजे घडवणारा' ही व्युत्पत्ती जिथे तिथे वाचायला मिळते, वर ग्रीकचा दाखला. ग्रीकमध्ये कवी हा खरोखरच 'करणारा' आहे, ते सगळ्यांना ठाऊक आहे. जर्मानिक भाषांत (इंग्रजी, जर्मन, नॉर्स यांच्या कुळात) तसे नाही.

घोळ स्वराच्या लांबीचा आहे. कवीतला 'ओ' ऱ्हस्व, 'घडवले'मधला दीर्घ. 'दिन' आणि 'दीन' वेगळे ठेवणाऱ्या मराठी वाचकाला हे चटकन पटेल, पण देवनागरीत 'ओ'ला ऱ्हस्व-दीर्घ चिन्हेच नाहीत. 'बेवुल्फ' या जुन्या इंग्रजी महाकाव्याच्या ७८व्या ओळीत राजा ह्रोथगार आपल्या वाड्याला नाव देतो (शब्दशः 'घडवतो'), तिथे क्रियापद आहे. ९०व्या ओळीत गाणे आहे ते कवीचे. हस्तलिखितात दोन्हींचे स्पेलिंग एकच.

निकाल जुनी उच्च जर्मन, म्हणजे जर्मन भाषेचे जुने रूप, देते. तिथे मूळ दीर्घ 'ओ'चा 'उओ' झाला, म्हणून 'घडवले'ला 'स्कुओफ'. कवितेचा शब्द मात्र 'स्कोफ' किंवा 'स्कोप्फ'. तो त्याच क्रियापदातून आला असता, तर त्यातही 'उओ' दिसला असता. त्या क्रियापदाच्या रूपांत 'अ' आणि दीर्घ 'ओ' हेच मूळ स्वर फिरतात. ऱ्हस्व 'ओ' तिथून निघूच शकत नाही. तो निघतो 'उ'पासून, पुढच्या अक्षरातल्या 'अ'च्या ओढीने. म्हणून पूर्वरूप *स्कुपं असे मांडतात. ती तारका सांगते की हे रूप कुठेही लिहिलेले सापडलेले नाही, ध्वनिनियमांवरून बांधलेले आहे. तारका गाळून ते 'मूळ शब्द' म्हणून छापणे मला अजिबात मान्य नाही.

आणि या कुळाचा अर्थ? जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेत, 'स्कोप' म्हणजे टवाळी. जर्मन शब्दात काव्य आणि थट्टा दोन्ही नांदतात. इंग्रजी 'स्कॉफ' (टिंगल करणे) याच घरातला, बहुधा स्कँडिनेव्हियातून आलेला. कवीचा सोयरा शोधायचा तर तो टिंगल करणाऱ्यांत शोधावा, आणि मला हे नाते 'घडवणाऱ्या'पेक्षा कितीतरी जिवंत वाटते: 'लोकासेन्ना' या नॉर्स काव्यात खोडकर देव लोकी एकेका देवाची अब्रू काढतो, तीही छंदात.

नॉर्स 'स्काल्ड' हाही कवीच, पण तो शब्द तिसराच. त्याला यात ओढू नये.